तिवराच्या काठ्या

मंडळीच्या वहीत भिवाची नोंद 'एक वाटाड्या' एवढीच आहे. नाव नाही, गाव नाही. डोंबलाची सृष्टिज्ञान मंडळी! ठाण्यातले आम्ही आठदहा हौशी लोक. कुणी कचेरीतले, कुणी कोर्टातले, आणि मी शाळामास्तर. दर रविवारी सकाळी पागोटी चढवून पक्षी पाहायला निघायचो आणि खाडीच्या चिखलात ढोपरापर्यंत रुतायचो. हाताला धरून ओढून काढायचा तो भिवा.

कोपरीपलीकडच्या मिठागरात त्याचं सारं आयुष्य गेलं. मीठ ओढून ओढून टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. वकीलसाहेब, म्हणजे आमचे अध्यक्ष, इंग्रजी पुस्तकाची पानं उलटत बसायचे, तोवर भिवा पाठमोराच नुसत्या आवाजावरून पक्षी सांगून मोकळा व्हायचा. चार वर्षं आला. 'ये, बस' म्हणायचं कुणाला सुचलं नाही, आणि त्या कुणात मीही होतो.

एकदा सरळ बांध सोडून तो मला लांबच्या वाटेने नेऊ लागला. मी चिडलो, उन्हाचा कशाला वळसा घालतोस म्हणालो. तेव्हा त्याने बांधावर रोवलेली तिवराची काठी दाखवली. टोकाला चिंधी. शेजारी चिखलात चार अंडी होती, चिखलाच्याच रंगाची. लाल लांब पायांच्या शेकाट्याची. त्याने सांगितलं, ज्याला घरटं दिसेल त्याने काठी रोवायची. मग पिल्लं चालती होईपर्यंत तिथे कुणी पाय टाकत नाही, डागडुजीलाही तिथला चिखल काढत नाही. त्याच्या बापानेही काठ्या रोवल्या होत्या. मला हे सांगितलं ते मास्तर म्हणून, विश्वासाने.

आणि माझ्या जिभेला हाड कुठलं!

शके अठराशे आठचा वैशाख. मंडळी बांधावर पोचली. मधली चर ओलांडायला फळी हवी म्हणून भिवा ती आणायला गेला. वकीलसाहेबांनी सहज विचारलं, या काठ्या कसल्या? मला शहाणपण मिरवायची खाज. मी सगळं सांगून टाकलं, वर कौतुकाने म्हणालो, बघा, अडाणी माणसं पण केवढी समज! वकीलसाहेब खूश झाले. त्यांनी कापूस घातलेली पेटी उघडवली आणि मंडळी एका काठीकडून दुसरीकडे धावली. नऊ काठ्या, नऊही घरटी साफ. एकेक नमुना पुरे, असं मी पुटपुटलो. कुणी ऐकलं नाही, तसा मी मूग गिळून बसलो. डोक्यावर शेकाटे ओरडत घिरट्या घालत होते, आणि हे मेले पेटीत अंडी रचत होते.

भिवा फळी खांद्यावर घेऊन परतला. त्याने पेटीत पाहिलं, काठ्यांकडे पाहिलं. मग वकीलसाहेबांना ओलांडून तो माझ्याकडे वळला.

"मास्तर, पाय पडू नये म्हनून काठी रोवली. हात पडू नये म्हनून काय रोवू?"

फळी तिथेच टाकून तो निघून गेला. वाटाड्याविना आम्ही कंबरभर चिखल तुडवत घरी आलो. चांगलंच झालं. वकीलसाहेबांना मात्र राग आला तो धोतर खराब झाल्याचा.

मी मंडळी सोडली. फार उशिरा सोडली, त्याची फुशारकी नको. पुढल्या वैशाखात माफी मागायला एकटाच गेलो. बांधावर एकही काठी नव्हती. बायजा, त्याची बायको, एकटी मीठ ओढत होती. नवरा कुठे म्हणून विचारलं तर तिने मान वर न करता बोट दाखवलं.

भिवा बांधाच्या तोंडाशी भर उन्हात उभा होता. बायजा म्हणाली, पंधरा दिवस झाले, शेकाट्यांनी अंडी घातल्यापासून, रोज सूर्य उगवला की तिथेच असतो. कामावर येत नाही.

मी पुढे झालो तर मध्ये चर आली. चार वर्षं अशा प्रत्येक चरीवर ज्याने मला हात दिला, तो हात मागे बांधून उभा राहिला.

"तिथंच थांबा, मास्तर," तो म्हणाला.

मी थांबलो.