ब्लंडरच्या पुढे मिस्टेक लागत नाही

वणीच्या स्टँडवर आईनं माझ्या बॅगेवरची कोळशाची धूळ पदरानं पुसली. बस सुटेपर्यंत धूळ पुन्हा बसलीसुद्धा. बाबा ट्रक चालवतात, कंडक्टर त्यांच्या ओळखीचा. "जय भीम, भाऊ. पोरगी नर्स झाली, पुण्याले चालली," असं त्याला सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मला एवढंच म्हणाले, "जेवत जाय वेळेवर."

दोस्तांनो, तुम्ही वणीत राहिला असाल किंवा माझ्यासारखे बाहेर पडला असाल, फोनवर मी तुम्हाला अर्धंच सांगत आले. आता सगळं सांगते.

पुण्यात मोठ्या खासगी हॉस्पिटलात लागले. माझ्या तोंडून 'मले' निसटलं की वॉर्डात खसखस पिकायची. पहिल्याच महिन्यात एका पेशंटचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फाइलला लागला, म्हणून मी वॉर्डच्या ग्रुपवर इंग्रजीत लिहिलं, 'ब्लंडर मिस्टेक झाली आहे.' आपल्याकडे सगळेच असं म्हणतात, कॉलेजातले सरसुद्धा. त्या दिवसापासून माझं नावच ब्लंडर मिस्टेक पडलं. "ब्लंडर मिस्टेक, तीन नंबरची सलाईन बघ गं!"

हसली नाही ती एकटी लिसी सिस्टर. ती केरळची, तीही घर सोडून आलेली. चहा पिताना म्हणाली, "ब्लंडर माने ही बड़ी गलती. उसके आगे मिस्टेक क्यों लगाना?" आणि जीव धोक्यात घालणारी चूक असेल तर 'ग्रेव्ह एरर' लिहायचं, हेही तिनंच सांगितलं. ग्रेट नाही, ग्रेव्ह. गंभीर.

तो शब्द मला लवकरच लागला. एका दुपारी ड्युटीवर आले तर खिडकीजवळचे आजोबा घामानं भिजलेले, हाक मारली तर ओ देईनात. साखर तपासली, पार खाली गेलेली. डॉक्टरांना बोलावलं, ग्लुकोज चढवलं, त्यांना आयसीयूत हलवलं. मग कागद बघितला. इन्सुलिनचे चार युनिट लिहिताना डॉक्टरांनी चारच्या पुढे नुसता यू काढला होता, तोही शून्यासारखा गोल. सकाळच्या नव्या सिस्टरनं चाळीस वाचलं आणि तेवढं दिलं.

बघितलं मी, म्हणून रिपोर्टही मलाच लिहायचा होता. सुपरवायझर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. "किरकोळ चूक झाली असं लिहायचं. सिस्टर नवीन होती, तिचं लक्ष नव्हतं. तुझं इंग्रजी सगळ्यांना माहीत आहे. मी लिहिते, तू सही कर."

मी कागद माझ्याकडे ओढला. म्हटलं, "मीच लिहिते, मॅडम."

त्यांच्यासमोर बसून लिहिलं. काय दिसलं, काय वाचलं गेलं, चाराचे चाळीस कसे झाले. शेवटी लिहिलं, 'ही ग्रेव्ह एरर होती.' मॅडमनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "अर्थ कळतो का याचा?"

"कळते नं. आजोबा आयसीयूत आहेत."

'कळते' असंच निघालं तोंडातून, वणीचं. मी ते सुधारलं नाही, आणि शब्दही बदलला नाही.

आजोबा वाचले, आपल्या पायांनी चालत घरी गेले. आता आमच्याकडे यू काढायला मनाई आहे, युनिट पूर्ण लिहावं लागतं, आणि इन्सुलिन दोन सिस्टर मिळून तपासतात. नव्या सिस्टरची नोकरी राहिली. माझा वॉर्ड मात्र बदलला, आणि मॅडम अजून माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला सांगितलं. ती भाकर थापत होती, हात थांबला. "नोकरी गेली असती तं?"

"तं आली असती इकडं."

"ये नं मंग. कोण नाही म्हणते?" आणि पुन्हा थापायला लागली.

घर सोडून इतका काळ झाला, पण घर म्हणजे काय ते मला त्या चुलीपुढे कळलं. मी इथं पुण्यात हट्टानं उभी राहू शकते, कारण तिकडे माझ्या वाटणीची भाकर कुणी रद्द केलेली नाही.