चुकलंमाकलं

बाबालाल मुल्लाणीनं शिवलेला कपडा कधी एका हातानं गिऱ्हाइकाला दिला नाही. शाहूपुरीतल्या त्याच्या दुकानात पस्तीस वर्षं एकच रिवाज. घडी दोन्ही हातांवर घ्यायची, थोडं वाकायचं आणि म्हणायचं, “काय चुकलंमाकलं आसंल तर माफी असावी.” कपडा पोलिसाच्या खाकीचा असो, परेडच्या पोरांचा असो, नाहीतर एखाद्या वकिलाचा काळा कोट असो, वाक्य ठरलेलं. आता खरं सांगायचं तर त्याच्या हातून चुकायचं काही नाहीच. त्याची खांद्याची शिवण अशी बसायची की पोक काढून चालणारा गडीसुद्धा आपोआप ताठ व्हायचा. पण ते वाक्य तोंडातून निघाल्याशिवाय बाबालालला काम पुरं झाल्यासारखं वाटायचं नाही. पावण्यांच्या घरून निघताना तेच, पत्राच्या शेवटी तेच. त्याची बायको मदिना म्हणायची, ह्यांच्या पायावर दुसऱ्यानं पाय दिला तरी माफी हेच मागतील.

त्यांचा एकुलता एक मुलगा नौमान ह्याच वाक्यात वाढला. अकरा वर्षांपूर्वी तो फौजेत गेला, तोही शिंपी म्हणूनच. फौजेलाही शिंपी लागतोच की! भरतीच्या वेळी धावपळ केली ती गणपतराव सुभेदारांनी. गणपतराव पन्हाळ्याखालच्या गावचे, रिटायर होऊन वीस वर्षं झालेली, बाबालालचे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने दोस्त. रोज अकराच्या सुमाराला ते दुकानातल्या बाकड्यावर येऊन बसायचे, चहा प्यायचे आणि फौजेच्या गोष्टी अशा सांगायचे की जणू काल संध्याकाळीच घरी आलेत.

गेल्या वर्षी दिवाळी सरली आणि नौमानचा फोन आला. राजस्थानातल्या त्याच्या छावणीत भांडारातले थंडीचे चाळीस कोट गायब झाले होते. भांडाराची एक किल्ली नौमानकडं होती. चौकशी बसली होती आणि दुसऱ्या दिवशी त्याचा जबाब होता. चुलत्याचं पोरसुद्धा कधी चौकीची पायरी चढलं नव्हतं, आणि इथं आपल्या पोटच्या पोरावर चोरीचा वहीम! घाबऱ्या घाबऱ्या तो एवढंच म्हणाला, “हे बघ, साहेबापुढं ताठ बोलू नगंस. वाकून बोल, शेवटाला माफी माग आन् मोकळा हो.”

एक गोष्ट त्यानं पोराला विचारली नाही. आणि ती विचारली नाही हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

तीन महिन्यांनी नौमाननं कागदांचे फोटो पाठवले. बाबालालनं ते झेरॉक्सच्या दुकानात नेऊन कागदावर काढून घेतले. इंग्रजी मजकूर, त्यातलं त्याला एकच कळलं, कोर्ट मार्शल. नौमाननं फोनवर समजावलं. फौजेनं त्याला मदतीला एक अधिकारी दिला होता. माणूस भला होता, पण त्याच्यासाठीही हे पहिलंच काम. तो म्हणत होता, तुझा जबाबच असा आहे की गुन्हा कबूल करून टाक, शिक्षा हलकी होईल. बाहेरचा, साधा सिव्हिल वकील आणायचा असेल तर त्याला परवानगी होती. नाव पंधरा दिवसांत कळवायचं होतं.

हलकी शिक्षा म्हणजे काय, हे बाबालालनं खोदून विचारलं. हलकी म्हणजे नोकरी जाणार. पेन्शनला चार वर्षं कमी पडत होती, तीही जाणार. आणि कागदावर जन्मभर चोर.

“तुमी ठरवा, अब्बा,” नौमान म्हणाला. “मला आता काय सुदरत न्हाय.”

बाबालालनं आधी गणपतरावांना विचारलं. दुसऱ्या कुणाला विचारणार? गणपतरावांनी कपातला चहा तसाच खाली ठेवला. म्हणाले, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये ही झाली साधी गोष्ट, पण फौजेच्या कोर्टात बाहेरचा वकील न्यायचा म्हणजे आपल्याच आईवर फिर्याद केल्यासारखं. वकील दिसला की साहेब लोक बिथरतात. पोरानं सरळ कबूल करावं, कमांडिंग साहेबाचे पाय धरावेत. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीचा माणूस हे बोलत होता. बाबालालला ते पटलंही, आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मदिना मात्र ऐकेना. बाई अंगठेबहाद्दर, पण नेमकं बोट ठेवणारी. म्हणाली, सुभेदार त्यांच्या फौजेला वाचवत्यात, माझ्या पोराला कोन वाचवनार?

म्हणून बाबालाल एका मोठ्या वकिलाकडं गेला. ऑफिस गार, भिंतीवर पुढाऱ्यांबरोबरचे फोटो, वकील पृथ्वीराजसाहेब फोनवर. बाबालालनं कागद पुढं केले. साहेबांनी ते उचललेसुद्धा नाहीत, त्यांच्यावर मोबाईल ठेवला. म्हणाले, “चाचा, निर्धास्त ऱ्हावा. दोन कर्नल आपल्या खिशात हायत. पोरगं सुटलं म्हणून समजा.” फौजेच्या कोर्टात कधी उभे राहिला होतात का, असं बाबालालनं भीत भीत विचारलं, तर ते हसले. कोर्ट ते कोर्ट, म्हणाले, त्यात फौजेचं काय नि दिवाणी काय.

जिना उतरताना बाबालालला बरं वाटायला हवं होतं. सुटलं म्हणून समजा, ह्याहून गोड काय ऐकायचं? पण घोडं कुठंतरी पेंड खात होतं. चौकापर्यंत चालत गेल्यावर त्याला ते उमगलं. ह्या माणसानं माप न घेताच कात्री उचलली होती. बाबालालनं आयुष्यात एकच शिंपी असा बघितला होता आणि त्याचं दुकान सहा महिन्यांत बंद पडलं होतं.

दहा दिवस गेले. मग मदिनालाच आठवलं. वडिलांचा वकिलीचा कोट स्वतःच्या मापाचा करून न्यायला एक बाई आली होती. अस्तर उसवताना आतल्या खिशात सापडलेली वडिलांची चिठ्ठी बाबालालनं जपून ठेवून तिच्या हातात दिली, तेव्हा डोळ्यात पाणी आणून बोलत बसली होती. फौजेतल्या लोकांच्या केसी बघते म्हणाली होती. पावती पुस्तकात नाव निघालं, संयोगिता वाकरेकर.

संयोगिताबाईंचं ऑफिस म्हणजे एक खोली आणि कागदांचे गठ्ठे. त्यांनी बाबालालला बसवलं आणि अर्धा तास त्याच्याकडं बघितलंच नाही. नुसतं वाचत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं ते असं. फौजेत एक छोटं कोर्ट असतं, तिथं कमांडिंग साहेबच निवाडा करतात, वकिलाला बोलता येत नाही. हे तसलं नाही. इथं वकील उभा राहू शकतो, साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते. कोट कुणी नेताना कुणी बघितलेलं नाही, दुसरी किल्लीही होती. पण जबाबात नौमाननं स्वतः चूक मान्य केलेली आहे, आणि सगळी केस त्या एका ओळीवर उभी आहे.

“बाईसाहेब, तुमी असल्या कोर्टात उभ्या ऱ्हायलाय का?” बाबालालनं विचारलं.

“तीनदा. एक माणूस सुटला. दोन न्हाई सुटले.” त्यांनी कागद खाली ठेवले. “आता मी एक विचारते. त्यानं कोट घेतले का, हे तुम्ही त्याला विचारलंत?”

बाबालालची मान खाली गेली. पोरगं फोनवर होतं, रडवेलं होतं, आणि आपण त्याला एवढंही विचारलं नव्हतं. माफी माग म्हणालो होतो. बापानंच पोराला चोर धरलं होतं की! त्यानं तसं तोंडानं सांगितलंही. बाईंनी कागद त्याच्या हातात परत दिले. गॅरंटी देत नाही म्हणाल्या, विचार करून दोन दिवसांत सांगा म्हणाल्या.

तो उठला. कागदांची पिशवी छातीशी धरली, दारापाशी वळला, थोडा वाकला. “येतो, बाईसाहेब. काय चुकलंमाकलं आसंल तर माफी असावी.”

“थांबा.” संयोगिताबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “काय चुकलं तुमचं?”

“माझं?” बाबालाल गोंधळला. “कुटं काय? काय बी न्हाय. आमच्यात म्हणत्यात असं, निघताना.”

“नौमान पण म्हणतो?”

“त्यो तर माझ्यापेक्षा जास्त.”

बाईंनी पिशवीतले कागद पुन्हा मागून घेतले आणि जबाबाची शेवटची ओळ मराठीत वाचून दाखवली. ‘माझी चूक झाली. मी माफी मागतो.’ मग त्यांनी तिथूनच नौमानला फोन लावला आणि म्हणाल्या, जबाबाच्या शेवटी काय बोललास ते तसंच्या तसं, घरच्या बोलीत सांग. नौमाननं आठवून बघितलं. मग म्हणाला, “कोट मै नै लिया बोल्या, मॅडम. फिर उठते वखत बोल्या, कुछ चुक्यामाक्या होंगा तो माफी होना.”

लिहून घेणारा माणूस लांबच्या मुलखातला. त्यानं पहिलं वाक्य लिहिलं ते कबुलीखाली दबून गेलं, आणि दुसऱ्यातलं ‘होंगा तो’ त्यानं गाळून टाकलं. एवढासा शब्द. त्यावर माणसाची अकरा वर्षं लटकली होती.

बाबालाल दारातनं परत येऊन खुर्चीत बसला. हे वाक्य त्यानंच पोराच्या तोंडात घातलं होतं. शाळेत असताना, पत्राच्या शेवटी लिहायचं विसरला म्हणून कान पिळला होता.

वकील ठरली. दोन दिवस लागले नाहीत. गणपतराव मात्र फुगले, बाकडं सहा आठवडे रिकामं राहिलं. पण राजस्थानची तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा म्हातारा जुनी ट्रंक घेऊन दुकानासमोर हजर. म्हणाला, “तुला एकट्याला छावणीचं गेट कोन उघडंल व्हय रं?”

कोर्ट एका लांबट हॉलमध्ये होतं. समोर निवाडा करणारे साहेब ओळीनं बसले होते. संयोगिताबाई आणि फौजेनं दिलेला तो अधिकारी एकाच टेबलाशी बसले होते. बाई त्याच्याशी भांडल्या नव्हत्या, उलट त्यालाच कामाला लावलं होतं. त्यानं नौमानचे जुने रजेचे अर्ज काढून आणले. अकरा वर्षांतले एकोणीस अर्ज, आणि प्रत्येकाच्या खाली तीच ओळ. चुलत बहिणीच्या लग्नाला रजा मागतानाही माणूस गुन्हा कबूल करतो का, असं बाईंनी शांतपणे विचारलं. भांडार सांभाळणाऱ्या हवालदाराकडून दुसऱ्या किल्लीची गोष्टही त्यांनी वदवून घेतली.

मग बाबालालला साक्षीला बोलावलं. मराठी जाणणारा एक सुभेदार दुभाषी म्हणून शेजारी उभा राहिला. बाबालालला साहेबांच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून तो त्यांच्या वर्दीकडं बघत राहिला. मधल्या साहेबांच्या डाव्या खांद्याला चुणी पडली होती. हे वाक्य तुमच्यात कधी म्हणतात, असं बाईंनी विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, कपड्याची घडी, पावण्यांचं घर, पत्रं.

मग नौमानच्या विरुद्ध फौजेची बाजू मांडणारा अधिकारी उठला. त्यानं एकच प्रश्न विचारला, आणि तो चांगला होता. खरोखरच चूक झाली असेल, तर तुमच्यात काय म्हणतात?

बाबालालनं वर्दीवरनं नजर काढली आणि पोराकडं बघितलं. नौमान चार हातांवर बसला होता.

“तवा तोंडातनं शब्दच फुटत न्हाय, साहेब.”

दुभाष्यानं ते सांगितलं. साहेब म्हणाले, आता जाऊ शकता. बाबालाल निघाला, सवयीनं वळला, वाकला आणि पुटपुटला, “येतो, साहेब. काय चुकलंमाकलं आसंल तर माफी असावी.” मधल्या साहेबांनी दुभाष्याकडं बघितलं. दुभाष्यानं तेही सांगितलं, ‘असेल तर’ न गाळता. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मागच्या खुर्चीवर गणपतराव धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

नौमान निर्दोष ठरला. निकालावर वरच्या साहेबांची मोहोर उमटायला आणखी दोन महिने गेले. त्यानंतर त्याला रजा मिळाली आणि तो महिनाभर घरी राहिला. मदिनानं त्याला रोज काहीबाही करून घातलं, गणपतरावांनी बाकड्यावर बसून संयोगिताबाईंचं कौतुक असं केलं की वकील जणू त्यांनीच शोधला. बापलेक मात्र कोटांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. रजेत बाबालालनं पोरासाठी नवी वर्दी शिवली. हे काम त्यानं कारागिराला दिलं नाही.

निघायच्या दिवशी नौमाननं बॅग खांद्याला लावली, आईच्या पाया पडला. दाराशी येऊन बापाकडं वळला. तोंड उघडलं, आणि मिटलं.

“येतो,” एवढंच म्हणाला.

मदिनानं चमकून बघितलं. अकरा वर्षांत हे असं अर्धं वाक्य ह्या उंबऱ्यावर कुणी टाकलं नव्हतं.

बाबालालनं वर्दीची घडी दोन्ही हातांवर घेतली. पुढं झाला, वाकला. पस्तीस वर्षांत हजारो लोकांना फुकट वाटलेलं ते वाक्य आज त्याला खरंच म्हणायचं होतं. तू घेतलेस का, हे मी तुला विचारलं न्हाय, त्याबद्दल म्हणायचं होतं. ओठ हलले. शब्द काही केल्या येईना.

नौमान बघत राहिला. बापाचं ते कोर्टातलं उत्तर त्यानं चार हातांवरून ऐकलं होतं.

त्यानं बॅग खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी वर्दी घेतली.

“कळलं, अब्बा,” तो म्हणाला.