मेट्रनबाईंचा परिवार

"मुँह खोलो, मा," म्हणत आमच्या मेट्रनबाई स्वतःच्या हाताने तोंडात संदेश मिठाई कोंबायच्या. बंगाली थोरल्या बायका लेकीसारख्या मुलींना 'मा' म्हणतात. पण ज्या दिवशी संदेश, त्या दिवशी नको ती ड्यूटी गळ्यात पडणार, हे आम्हा नर्सना ठाऊक होतं. तोंड भरलेलं असताना 'नाही' तरी कसं म्हणणार? मी आजही संदेश खात नाही.

"हम सब एक परिवार हैं," हे त्यांचं पालुपद. असं परिवार परिवार करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

नवऱ्याच्या सेक्टर फाइव्हमधल्या नोकरीमुळे मी कोलकात्यात आले आणि सॉल्ट लेकच्या एका खासगी हॉस्पिटलात लागले. दुर्गापूजेत मला एकही सुट्टी नाही. विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हारा तो गणपति है ना?" गणपतीत मागितली, तर "यहाँ कौन मनाता है?" केरळच्या लिसीने नाताळला मागितली, तर "क्रिसमस तो पूरा कोलकाता मनाता है, सबको छुट्टी कैसे दूँ?" असला त्यांचा न्याय. सुट्ट्या सगळ्या मौशुमीला, कारण ती डमडमला बाईंच्या शेजारी राहायची. पोरगी मात्र वाईट नव्हती.

एकदा मौशुमीच्या हातून एका आजोबांना शेजारच्या पेशंटचं इंजेक्शन दिलं गेलं. त्यांच्या अंगावर गांधी उठल्या, धाप लागली. लिसीने ते पाहिलं, डॉक्टरांना बोलावलं, म्हणून आजोबा वाचले. नातेवाईक खवळून आले, तेव्हा बाईंनी सरळ लिसीकडे बोट दाखवलं. "इसी ने किया. निकाल दिया इसको."

ते गेल्यावर मौशुमी रडायला लागली. "ग़लती हमसे हुई, दीदी."

"चुप. परिवार में किसी एक को तो सहना पड़ता है."

"और मैं आगे कहाँ काम करूँगी?" लिसीने विचारलं.

बाईंनी तिचा गाल थोपटला. "तुम तो जवान हो, मा."

मी आणि मौशुमी हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांकडे गेलो. त्यांनी आम्हाला परत बाईंकडेच धाडलं. लिसी जिथे अर्ज करी, तिथून बाईंना चौकशीचा फोन येई आणि बाई तेच खोटं बिनदिक्कत सांगत. शेवटी ती गावी परतली. आता भावाच्या बेकरीत बसते.

बाई निवृत्त झाल्या. परवा त्यांचा फोन आला. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, घरी इंजेक्शनं द्यायला कुणीतरी हवं होतं.

"लिसी को भेजो ना. उसकी सुई पता ही नहीं चलती थी."

"लिसी ने नर्सिंग छोड़ दी," मी म्हटलं. "आपने छुड़वाई."

त्याच लाडिक आवाजात त्या म्हणाल्या, "अच्छा, तो कोई दूसरी देखो. लेकिन हाथ हल्का हो."