बोलक्या पेटीचे चार बोल्ट

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. कारभार नागपूरहून चालायचा आणि गाणी मुंबईहून यायची. मी अकोल्याला सरकी काढायच्या एका जिनात कारकून होतो, आणि कुणी विचारलं नाही तरी सल्ला द्यायची सवय मला तेव्हापासूनची.

वलगावला आमचं घर आणि भाजीचा मळा. बाबांचे कान दोन वर्षांपासून गेले होते. पूर्वी देवळातल्या भजनात टाळ त्यांच्याकडे असायचा. मग टाळ चुकायला लागला, लोक हसले आणि बाबांनी देवळात जाणंच सोडलं. मला फार राग आला होता; लोकांचा, कानांचा, देवाचासुद्धा. त्याच रागात मी अकोल्यातल्या एका अडत्याकडून बॅटरीवरचा जुना रेडिओ घेतला. पेटी वाळवीनं खाल्लेली, पण आतला स्पीकर, म्हणजे ताटलीएवढा कागदी पडदा आणि मागचं लोहचुंबक, शाबूत होता. नवी दणकट पेटी करायची, आवाज मोठा काढायचा आणि बाबांच्या कानात एक तरी गाणं घालायचं, एवढाच माझा हट्ट होता.

रजा काढून वलगावला आलो आणि पेटीचं काम गावातल्या मिस्तरींकडे दिलं. त्यांचा धंदा बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बनवायचा. मोडक्या बंडीच्या सागवानी फळ्यांची त्यांनी अशी पेटी केली की तिला बैल जुंपावेत. आता स्पीकर तेवढा बसवायचा राहिला.

“चार खिळे ठोकतो,” मिस्तरी म्हणाले.

“आन् हातोडीच्या दणक्यानं कागद फाटला म्हंजे?”

त्यांनी खिळ्यांची मूठ पुढे केली, तर अर्धे खिळे उडून चुंबकाला चिकटले. मिस्तरी हरखले. माझा स्पीकर अंगणातल्या भुशावरून फिरवून ते वर्षभराचे हरवलेले खिळे गोळा करत बसले. मी ओरडलो तेव्हा थांबले.

मग मी अकोल्याहून आणलेले स्क्रू काढले. मिस्तरींनी एक घेतला, पेटीच्या कोपऱ्यावर धरला आणि हातोडीनं पाऊण आत घातला. “उरलेला पिळतो ना,” ते म्हणाले. “सारे असंच करतेत.” मी बाकीचे स्क्रू मुकाट्यानं खिशात टाकले.

शेवटी बोल्टवर एकमत झालं. गिरमिटानं आरपार चार भोकं पाडायची, बाहेरून बोल्ट, आतून वायसर आणि नट. पान्याचं काम, हातोडीचं नाव नाही. मी निश्चिंत होऊन जेवायला घरी गेलो. तिथंच चुकलं.

संध्याकाळी मिस्तरी पेटी घेऊन घरी आले. ती बाबांच्या खाटेशी ठेवली, तारा जोडल्या, गाणं लागलं, आणि तबल्याच्या प्रत्येक ठोक्याला अशी खडखड सुरू झाली की म्हैस दावं ओढायला लागली. मागून पाहतो तर चारही नट ढिले.

“काहून आवळले नाई?” मी पाना उचलला.

“बाबू, म्या मुद्दाम खेळ ठेवला. बोलनारी पेटी हाये ना? बंडीचं बी तसंच असते. वेशीवरून आवाज आला का समजते, कोनाची बंडी येऊन रायली थे. मुकी बंडी घेते कोन?”

यावर मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दात-ओठ खात चारही नट गच्च आवळले. खडखड थांबली आणि गाणं कसं स्वच्छ ऐकू यायला लागलं. “आता बरं वाटते,” आई म्हणाली. मी विजयी मुद्रेनं मिस्तरींकडे पाहिलं.

तेवढ्यात बाबा म्हणाले, “बंद काहून केलं रे? चांगलं चालू होतं ना गानं.”

मी वळलो. बाबांचा डावा तळवा पेटीवर होता. उजवा हात मांडीच्या वर, ठेका धरता धरता मध्येच थांबलेला. मी नटांशी झटत होतो तेव्हा ते गाण्याला साथ देत होते आणि मी तिकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मी पाना मिस्तरींच्या हातात दिला.

“करा ढिले,” मी म्हणालो.

मिस्तरींनी एकेक नट अर्धा फेरा सोडला. खडखड परत सुरू झाली. बाबांचा हात मांडीवर पडला, बरोबर ठेक्यावर पडला आणि पडत राहिला. आई उठून आत गेली, दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून आली आणि बाबांच्या शेजारी खाटेवर गाणं ऐकायला बसली.