मशीनची आरती

झेंडूचा वास आला की मला चारकोपच्या आमच्या गाळ्यातला एक दसरा आठवतो. तिथून आम्ही आसपासच्या सोसायट्यांना इंटरनेट देतो, आणि कुठला डेटा कुठल्या वाटेने जाईल हे ठरवणारं सॉफ्टवेअर मी नुकतंच मशीनवर बसवलं होतं. त्याच्या सर्व्हिसेस, म्हणजे आत सतत चालणारे छोटे प्रोग्राम, हाताने सुरू केल्या, सगळं झकास चाललं, आणि मी कॉलर ताठ करून फिरू लागलो. दसऱ्याला मालकीणबाई, म्हणजे आमच्या मावशी, पूजेचं ताट घेऊन आल्या. "चालू मशीनचा पंखा कुंकू उडवतो रे, बंद कर!" मी ऐटीत बंद केलं. हळद-कुंकू, फूल, पेढा झाल्यावर पुन्हा चालू केलं. दिवे लागले, पंखा घुमला, पण नेट येईना. तेवढ्यात घरून त्यांच्या मुलीचा फोन आला, "आई, आत्ता माझा इंटरव्ह्यू आहे आणि नेट गेलंय!" मावशी रडवेल्या झाल्या. "पूजेत काही चुकलं का रे?" चुकलं माझं होतं. मशीन चालू होताच सर्व्हिसेसनी आपणहून उठावं, अशी सेटिंग मी केलीच नव्हती. पण तोंडातून निघालं, "मावशी, आरती राहिली ना!" त्या डोळे मिटून आरती म्हणू लागल्या, मी मागे कीबोर्ड बडवत सर्व्हिसेस पुन्हा हाताने सुरू केल्या, आणि शेवटच्या कडव्याला नेट आलं. मुलीला नोकरी लागली. तेव्हापासून दर दसऱ्याला मशीनची साग्रसंगीत आरती होते, आणि टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत मावशी मलाच उभं करतात.