कापलेली चार मिनिटं

बोईसरला नवापूर रोडवर सुजीतचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, निळा पडदा, एक स्टूल आणि खिळ्याला टांगलेला एक काळा कोट. तो कोट आता कुणी घालत नाही, कारण त्याहून चांगले चाळीस कोट कॉम्प्युटरमध्ये आहेत. एमआयडीसीतली पोरं पाळी सुटली की येतात आणि स्टुलावर टेकायच्या आधीच त्यांचं सुरू होतं: "भैया, कोट डाल देना, टाई लाल. और थोडा गोरा कर देना. ज्यादा नहीं, घरवाले पहचानने चाहिए."

सुजीत गोरं करून देतो. मुरूम पुसतो, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसतो, म्हणजे एका अर्थी माणसाच्या तोंडावरची रात्रपाळीच पुसतो. पंधरा वर्षांत हात इतका बसलाय की नजर दुसरीकडे असली तरी बोटं पुसत असतात.

त्याचं घराणं जालन्याकडचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. वडील कारखान्यात लागले म्हणून इकडे आले. कुंभवलीला हार्डवेअरच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथे रविवारी त्यांची मंडळी प्रार्थनेला भरते. रविवारच्या शाळेत मुलांना सुजीत एक गोष्ट दरवर्षी सांगायचा. देवाने सगळ्यात आधी काय केलं? उजेड. माणूस सहाव्या दिवशी. म्हणजे फोटोग्राफरचं काम पहिल्याच दिवशी सुरू झालं आणि गिऱ्हाईक यायला सहा दिवस लागले, आमच्या धंद्यात असंच असतं. मुलं हसायची. त्याची बायको अर्चना मागच्या बाकावर बसून डोळे वर करायची, कारण तिने ते अकरा वेळा ऐकलं होतं.

अर्चनाला त्याचं पुसापुशीचं काम पटायचं नाही. देवाने केलेलं तोंड तू कशाला दुरुस्त करतोस, त्याचं काय चुकलंय, असं ती विचारायची. त्याचं नाही, ट्यूबलाइटचं चुकलंय, असं सुजीत म्हणायचा. वाद तिथेच थांबायचा, कारण दोघांनाही जेवायचं असायचं.

मागच्या ऑक्टोबरात अर्चना टीबीने गेली. दुखणं कळायच्या आधीचे पाच महिने नुसत्या खोकल्याच्या बाटल्यांमध्ये गेले होते. कळलं तेव्हा गोळ्या सुरू झाल्या, मग बदलल्या, पण डॉक्टर म्हणाले की यायला फार उशीर झाला. यांच्यात दफनाआधी पेटी उघडी ठेवून भोवती घरची माणसं उभी करतात आणि शेवटचा फोटो काढतात. त्या दिवशी पालघरचा कॅमेरावाला आलाच नाही. मग सुजीतनेच ट्रायपॉड लावला, उंच लोकांना मागे घेतलं, सासूबाईंना डावीकडे सरकवलं, टायमर दाबला आणि दहा सेकंदांत जाऊन पेटीच्या डोक्याशी उभा राहिला. फोटोत फोकस अगदी बरोबर आहे. तेव्हापासून त्याला रडू आलेलं नाही. भूक लागते, झोप लागते, पावती फाडता येते. हात झोपला की टोचलेलं कळत नाही, तसं त्याचं सगळंच झालेलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी कमळी आली. ती मनोरकडच्या पाड्यावरची. पाऊस संपला, भात झोडून झालं की ती आणि तिचा नवरा चिंतू बांधकामावर बोईसरला येतात, पावसाला परत जातात. गेल्या वर्षी ती रविवारी हॉल झाडायला येता येता मागे बसून गाणी ऐकायला लागली होती. तिला कसल्याशा फॉर्मसाठी फोटो हवा होता. स्टुलावर बसली आणि खोकली. सुजीतने थांबून घेतलं. परत कॅमेरा डोळ्याला लावला, परत खोकली. चौथ्या खेपेला फोटो मिळाला.

मग तिने विचारलं, "दादा, बाय कशी हाय?"

पाड्यावर कुणी कळवलं नव्हतं, आणि यंदा ती हॉलवर फिरकली नव्हती. सुजीत म्हणाला की वारली, ऑक्टोबरात. पंखा बंद पडलाय हे सांगावं तशा आवाजात म्हणाला.  कमळीने कमरेचा मोबाईल काढून त्याच्यापुढे धरला. स्क्रीनला तडा होता आणि तड्याच्या मागे अर्चना बोलत होती.

तो व्हिडिओ सुजीतनेच केलेला होता. गेल्या वर्षी मार्चमध्ये मंडळीच्या यूट्यूब चॅनलसाठी पाळकांनी, म्हणजे तिथल्या पास्टरांनी, अर्चनाची साक्ष मागितली होती. देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. तेव्हा तिचं वजन चार किलो वाढलं होतं, सगळे खूष होते. अर्चना सात मिनिटं बोलली. पाळक म्हणाले, सात मिनिटं कुणी बघत नाही, तीन करा. सुजीत कापायला बसला. खोकले काढले, अडखळणं काढलं, आणि सगळ्यात लांब होता तो गोळ्यांचा भाग काढला. त्याने साक्ष जरा पातळ होते असं त्याला वाटलं. उरलेली तीन मिनिटं एकेचाळीस हजार लोकांनी बघितली. खाली आमेनची रांग लागली. ती गेल्यावरही लागतच होती.

कमळी सांगत होती की तिलाही दिवाळीनंतर तोच रोग निघाला. दवाखान्यातून गोळ्या दिल्या, पोटात आग व्हायची. मग तिने हा व्हिडिओ रोज बघितला. तीन आठवड्यांपूर्वी गोळ्या सोडल्या.

"बायनी गोली खाल्ली नाय," ती म्हणाली. "नुसती प्रार्थना केली न् बरी झाली. मंग मी कां खाऊ?"

सुजीतने सांगितलं की खायची, रोज सकाळी खायची. कमळीने मान हलवली, नाही अशी. मोबाईलमध्ये तर बाय तसं काही बोलत नाही. आता बाय नाही, तर तुमी काय पण सांगाल, असं ती म्हणाली. रागाने नाही, समजुतीने. फोटो उद्या नेते म्हणून गेली.

सुजीतने शटर अर्धं ओढलं आणि कुंभवलीला हॉलवर गेला. तिथल्या कपाटात चॅनलची हार्डडिस्क असते. पाळक दिग्विजय खुर्च्या रचत होते. ते स्टेशनवरच्या घोषणेसारखं बोलतात. वाक्य सुरू झालं की शेवटच्या डब्यापर्यंत जातं, मध्ये उतरता येत नाही. सुजीतभाऊ या, प्रभूची स्तुती असो, चहा घेणार का, आणि तुमची स्वतःची साक्ष घ्यायची राहिलीच आहे, दुःखात प्रभूने कशी शांती दिली, लोकांना बळ मिळेल, तीन मिनिटं फक्त.

"शांती नाही, पास्टर," सुजीत म्हणाला. "काहीच नाही. अर्चनाचा व्हिडिओ काढायला आलोय."

मग त्याने कमळीचं सांगितलं. पाळकांच्या हातात एक खुर्ची तशीच राहिली.

"मी गोळ्या कापा म्हणालो होतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही. मीच कापल्या. मुरूम पुसतो तशा."

पाळक खुर्ची टेकवून तिच्यावरच बसले. मी स्वतः लोकांना दवाखान्यात पाठवतो, देवाला माहीत आहे, असं म्हणाले, आणि ते खरंच होतं. दोन जणांना त्यांनी आपल्या स्कूटरवर नेलेलं होतं. पण एकेचाळीस हजार माणसं, सुजीतभाऊ. कुणी बिहारमधून लिहितं, कुणी दुबईतून. ती गेली, तिची साक्ष तरी राहू द्या. खाली लिहू ना ठळक अक्षरात, औषध घेत राहा म्हणून.

"कमळीला वाचता येत नाही."

  खाली रस्त्यावरून रिक्षावाला "स्टेशन, स्टेशन, एक सीट" ओरडत गेला. बायबलात देवाने मोशेला दिलेल्या दगडी पाट्यांवर खोटी साक्ष देऊ नको अशी एक आज्ञा आहे आणि दोघांनाही ती लहानपणापासून पाठ होती, त्यामुळे कुणी ती म्हणून दाखवली नाही.

"एक शब्द खोटा नव्हता त्यात," पाळक शेवटी म्हणाले.

"नव्हता. म्हणूनच तिने गोळ्या सोडल्या."

पाळकांनी कपाटाची किल्ली दिली. मी त्याखाली पहिलं आमेन लिहिलं होतं, एवढंच पुटपुटले.

सुजीतने अख्खी सात मिनिटं लावली. ट्यूबलाइटमुळे तोंड हिरवट आलंय, माइक साडीला घासतोय, असलंच त्याला दिसत होतं. अर्चना खोकली, पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं. काहीतरी आत हलेल म्हणून तो थांबला. काहीच हललं नाही. जुना व्हिडिओ पुसून त्याने हा चढवला. एकेचाळीस हजार गेले आणि तिथे शून्य आलं.

बुधवारी कमळी आली तेव्हा फोटो तयार होता, जसा होता तसा, न पुसलेला. सुजीतने तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. अर्चना बोलायला लागली. खोकला आला तशी कमळी पुढे सरकली. एवढं खोकलेली बाय तिने मोबाईलमध्ये कधी बघितली नव्हती.

"गोळ्या चालू आहेत," अर्चना सांगत होती. "सकाळी चार. कधी कधी उलटी होते, तरी घेते. डॉक्टर म्हणालेत, मध्ये सोडल्या तर सगळं परत पहिल्यापासून. मी आपली देवाला म्हणते, बरं करायचं तेव्हा कर, पण गोळी खाली उतरेपर्यंत तरी इथे थांब."

कमळीने तो भाग परत लावायला सांगितला. परत लावला. आणखी एकदा लावला.

"पन बाय तर मेली," ती म्हणाली. "गोल्या खाऊन पन."

 पाच महिने आम्ही नुसत्या बाटल्या पाजल्या, उशीर झाला, असं सुजीतने सांगितलं. तुला उशीर झालेला नसेल. नसेलच, असं मी म्हणू शकत नाही.

कमळी उठली, पदर खोचला. दवाखाना उघडा हाय का विचारलं.

दोघं सरकारी दवाखान्यात गेले. नर्सबाईंनी कार्ड बघितलं आणि तोंडाचा पट्टा सुटला: तीन आठवडे कुठे होतीस, इथे आम्ही काय गोळ्या दाखवायला बसलोय, फोन लावला तर बंद, आणि आता ही स्वारी येतेय टळटळीत उन्हात.

"यांच्या बायला विचाराया गेलती," कमळीने सुजीतकडे हनुवटी केली.

मग बाईंनी काय सांगितलं, असं नर्सबाईंनी खेकसून विचारलं.

"खा म्हनली."

डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा थुंकी द्यायला लावली, आणि आजपासूनच सुरू कर म्हणून सांगितलं. गोळ्या नर्ससमोरच घ्यायच्या होत्या. कमळीने एकेक करून चार गिळल्या, प्रत्येकीला तोंड वाकडं केलं. सुजीत पाण्याचा ग्लास धरून उभा होता. चौथी घशात अडकली तेव्हा त्याने ग्लास पुढे केला आणि ती खाली उतरेपर्यंत तिथेच थांबला.