कंबरभर खजिना

साल १९५८, मे महिना, सोमवारची सकाळ. रक्कम, खबर देणाऱ्याच्या अंदाजाने, लाखाच्या घरात. ठाण्यात हजर: मी ठाणेदार, माझा हेड कॉन्स्टेबल, दोन शिपाई, गावातले एक वकील आणि एका देवळाचे पुजारी. इतक्या वर्षांनीही तो दिवस आठवला की डोकं तापतं, म्हणून आधी हिशेबाच्या गोष्टी लिहून मोकळा होतो. नावं कोणाचीच देणार नाही. काहींची नातवंडं त्याच गावात राहतात, आणि त्यांचा यात काही दोष नाही.

गाव अकोला जिल्ह्यातलं, पातूरच्या बाजूचं. बाजार होता, नगरपालिका होती, हायस्कूल होतं. पाणी नव्हतं. एप्रिल लागला की विहिरींचा तळ दिसायचा. बाहेरचे लोक इथं मुलगी द्यायला कचरत. गावकरी मात्र जवळजवळ अभिमानाने सांगत की आमचं गाव मूळचंच कोरडं.

पुजाऱ्यांची खबर अशी होती. देवळामागे एका शेतकऱ्याचं चार एकर वावर. त्याला पिढ्यान्‌पिढ्या 'खजिन्याचं वावर' म्हणत, पण नावापलीकडे तिथे कोणाला काही मिळालं नव्हतं. रविवारी संध्याकाळी तो शेतकरी देवळाच्या पायरीशी बायकोला म्हणाला, "खजिन्याचं तोंड सापडलं. कंबरभर आहे." पुजाऱ्यांनी हे स्वतः ऐकलं. ते आधी वकिलांकडे गेले आणि सकाळी वकील त्यांना घेऊन माझ्याकडे आले.

"निखात निधीचा कायदा तुम्हाला मी सांगायला नको, ठाणेदारसाहेब," वकील म्हणाले. "दहा रुपयांवरचा ऐवज जमिनीत सापडला तरी कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. हा तर कंबरभर म्हणतो. आज ताब्यात घेतला नाहीत, तर उद्या माल सराफाच्या मुशीत असेल."

खबर लेखी होती, खाली दोन प्रतिष्ठितांच्या सह्या होत्या. स्टेशन डायरीत नोंद करून मी शिपाई धाडला. शेतकरी तासाभरात आला. मागोमाग त्याची बायको आली आणि बाहेर ओट्यावर बसली. वकिलांना अशिलाचं काम आठवलं, ते उठले. पुजारीही त्यांच्यासोबत गेले.

चोरी केलेला माणूस ठाण्यात आला की आधी दार कुठे आहे ते पाहून ठेवतो. याने आधी आमचा पाण्याचा माठ पाहिला, तो पालथा घातलेला दिसताच हसला. हाताला ओली माती होती.

"खजिना सापडला?" मी विचारलं.

"सापडला जी."

शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या सरळ कबुलीची आमच्यात कोणालाच सवय नव्हती.

"कधी?"

"काल दुपारी. इहिरीतला गाळ काढून राहिलो होतो. बाजूचा दगड निखळला, अन् आतून बांधकाम निंघालं."

"मग कळवलं का नाहीस?"

"कोणाले कळवू? रविवारी नगरपालिका कोण उघडते? आज जाणारच होतो, तं तुमचा शिपाई आला."

"आहे किती?"

"मोजलं नाही. कंबरभर असन."

"ठेवलंय कुठे?"

"ते काय गाठोड्यात मावते, साहेब? जिथं आहे तिथंच आहे."

एक शिपाई पुढे सरकला. "सरळ सांग बे, नाही तं कोठडीत सडशीन."

"सरळच सांगून राहिलो. तुमीच वाकडं आयकून राहिले."

मी शिपायाला मागे बसवलं. "त्याला हात लावलास?"

"हात कायचा? प्यालो ना."

"काय केलंस?"

"प्यालो जी, ओंजळीनं. लय गोड आहे. संध्याकाळी बाईलेबी नेऊन पाजलं."

डायरी लिहीत बसलेल्या हेड कॉन्स्टेबलने टाक खाली ठेवला. हा गृहस्थ राज्यं एकत्र झाल्यावर मराठवाड्यातून बदलून आला होता. आमचे वऱ्हाडी शिपाई दिवसभर त्याच्या बोलण्याची टर उडवत, आणि तो त्यांच्या.

"साहेब, ह्यो पाण्याचं बोलतोय," तो म्हणाला. "आमच्याकडं नहरीच्या हौदाला खजिनाच म्हंतेत. डोंगराचं पाणी जमिनीखालून आणायचं, खजिन्यात साठवायचं, अन् तिथून गावात सोडायचं. जुन्या बादशाही वक्ताचं काम असतंय."

शेतकऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. "मंग मी काय म्हणून राहिलो?"

बाहेरून त्याची बायको बोलली, "पाणी सापडलं तं माणसाले धरून आणते. सोनं सापडलं असतं तं पाय धुतले असते."

मला हसू आलं. त्याला तिथेच सोडता आलं असतं, पण खबर लेखी होती, तेव्हा जागेचा पंचनामा करूनच प्रकरण मिटवावं म्हणून आम्ही सगळे वावरात गेलो.

तिथे पंधरा-वीस मजूर पहारींनी खणत होते. बांधावर छत्री घेऊन वकील उभे होते, शेजारी पुजारी. यांचं अशिलाचं काम हेच होतं. विहिरीला लागून जमिनीखाली दगड-चुन्याचा घुमटाकार हौद होता. त्याचं छत वरून फोडलेलं. डोंगराकडून येणारी विटांची नहर आणि गावाकडे जाणारी, दोन्ही पाच ठिकाणी उखडलेल्या. काळी माती ढासळून आत बसली होती. कंबरभर पाण्याच्या जागी कंबरभर चिखल.

शेतकरी हौदाच्या काठावर बसला. त्याची बायको मजुरांना म्हणाली, "भाऊ, तुमच्या घरी पाणी कुठून येते?" त्यांनी पहारी खाली टाकल्या.

"हे काय चाललंय?" मी वकिलांना विचारलं.

"सरकारी मालाची खात्री करून घेत होतो. तुमचंच काम हलकं केलं."

"पाणी दिसल्यावर का थांबला नाहीत?"

"मोहरांच्या घागरी पाण्याखालीच पुरतात, ठाणेदारसाहेब."

माझा हात उठला नाही, हे मी नोकरीतलं सर्वांत कठीण काम मानतो. पंचनामा केला. कलम ४४७, दुसऱ्याच्या जमिनीत बेकायदा प्रवेश. कलम ४२७, नुकसान. वकील आणि पुजारी दोघांवर. आठवड्यात अकोल्याहून दोन निरोप आले की प्रतिष्ठित माणसं आहेत, समजुतीने घ्या. मी निरोप आणणाऱ्यांना सांगितलं की हेच लेखी द्या, फायलीला लावतो. लेखी कोणी दिलं नाही.

तपासासाठी म्हणून हेड कॉन्स्टेबल आणि मी त्या नहरीच्या रेषेने गावापर्यंत चालत गेलो. वाटेतले विटांचे चौकोनी बुरूज गाव पहाऱ्याच्या चौक्या समजत असे. ते नहरीत हवा जाण्यासाठी होते. मधल्या वेटाळात, म्हणजे मोहल्ल्यात, नगरपालिका ज्या खड्ड्यात कचरा टाकत असे, तो हौद. मशिदीसमोर एक हौद, बाजारातल्या दुसऱ्या देवळामागे एक. चौथ्यावर खुद्द वकिलांचा ओटा बांधलेला. त्यावर बसून ते संध्याकाळी लोकांना गावाच्या कोरडेपणाची कारणं समजावत असत. गाव मूळचं कोरडं नव्हतंच. पाणी आणून, त्याच्याभोवती माणसं वसवून ते उभं केलं होतं. मागच्या कुठल्यातरी पिढीने गाळ काढणं सोडलं, पुढची विसरली, आणि त्यापुढचीने विसरण्यालाच इतिहास म्हटलं.

नगरपालिकेने नहर दुरुस्तीची चौकशी करण्याचा ठराव केला. माझी बदली झाली तोवर चौकशी सुरू झालेली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यातही पाण्याच्या पिंपांच्या बैलगाड्याच फिरत होत्या. शेतकऱ्याचं निम्मं वावर खड्ड्यांमुळे त्या मृगात पडीक राहिलं. उरलेल्या निम्म्यात नवराबायकोने ज्वारी पेरली.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. कबुली मिळाली की लगेच लिहून घेऊ नये, आधी बोलणाऱ्याला शब्दाचा अर्थ विचारावा. दुसरी, खबर आणणारा घाईने निघून गेला तर संशयिताआधी त्याच्यामागे माणूस लावावा. तिसरी गोष्ट मी शिकलो नाही: पाणी दिसत असताना माणूस त्याखाली सोनं कसा शोधतो, हे मला अजून कळलेलं नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नाही.

खटला दीड वर्ष चालला. वकिलांना शंभर रुपये दंड, पुजाऱ्यांना पंचवीस. दंडातून नुकसानभरपाई म्हणून ऐंशी रुपये शेतकऱ्याला द्यायचा हुकूम झाला. कोर्टाच्या कारकुनाने नोटा पुढे केल्या तेव्हा मी तिथे होतो.

"हे वावराचे झाले," शेतकरी म्हणाला. "पाण्याचे कोणाले देता?"

"इथे अंगठा करा," कारकून म्हणाला.

ऐंशी रुपये त्याने घेतले. पंचेचाळीस सरकारजमा झाले. गावाला काही द्यावं, असं कोणत्याच कलमात नव्हतं.